सुई वळल्यावर

ते पत्र आलं तेव्हा काकांनी ते तीनदा वाचलं, होती तशीच घडी घातली आणि कपाटातल्या जाडजूड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या उद्याला आता चौदा महिने झाले होते.

पत्र एका अनाथालयाच्या अधीक्षिकेचं होतं. अक्षर गोल, शाई निळी, भाषा साधी. तिने लिहिलं होतं: 'आमच्याकडे एक तिजोरी आहे. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला पितळी पट्टी आहे. पट्टीवर आपल्या चाचणी केंद्राचा शिक्का आहे आणि "आग : साठ मिनिटे, कागदपत्रांसाठी" असं कोरलेलं आहे. सोबतच्या प्रमाणपत्रावर सही आपली आहे, म्हणून आपल्यालाच विचारते. इथे मूल सोडून जाणाऱ्या काही आया एक बंद पाकीट ठेवून जातात. मूल अठरा वर्षांचं झालं की ते त्याच्या हातात द्यायचं, तोवर कुणी उघडायचं नाही, असा शब्द आम्ही त्यांना दिलेला असतो. अशी दोनशे बारा पाकिटं आहेत. उघडता येत नाहीत, म्हणून नक्कलही काढता येत नाही. सध्या ती तीन ठिकाणी विभागून ठेवली आहेत. विश्वस्तांचं म्हणणं, सगळी या तिजोरीत ठेवावीत. आगीचा बंब आमच्यापर्यंत यायला पाऊण तास तरी लागतो. तर ही साठ मिनिटं खरोखरची साठ मिनिटं आहेत ना, एवढं कृपया लेखी कळवावं. विश्वस्त तोंडी बोलण्यावर विसंबत नाहीत.'

दोन ओळींचं उत्तर पुरलं असतं. दुसरा कुणी असता तर 'हो, आहेत' लिहून मोकळा झाला असता. काकांना ते लिहिता येईना, कारण ते खरं की खोटं हे त्यांना माहीत नव्हतं. आणि 'माहीत नाही' हेही लिहिता येईना, कारण मग का माहीत नाही ते सांगावं लागलं असतं.

काका म्हणजे भट्टीकाका. खरं नाव पगारपत्रकापुरतं होतं. तिजोऱ्यांची परीक्षा घेणाऱ्या त्या केंद्रात दोन विभाग होते. एकातली माणसं घण, पहारी, ड्रिल घेऊन तिजोरी फोडायची आणि किती मिनिटांत फुटली ते घड्याळ लावून मोजायची. त्यांच्या प्रमुखाला सगळं केंद्र 'दरोडेखोर' म्हणायचं, आणि त्यालाही ते आवडायचं. दुसरा विभाग आगीचा. तिथे तिजोरी भट्टीत ढकलायची, तासाभरात भट्टी नऊशे अंशांच्या वर न्यायची, आणि तिजोरीच्या आत काय होतं ते बघायचं. आतलं तापमान एकशे सत्त्याहत्तरच्या वर गेलं की कागद गेला, तिजोरी नापास. काका तिथे एकतीस वर्षं होते. घण घालणाऱ्यांच्या मानाने त्यांचं काम मुकं. भट्टी पेटवायची, सुईकडे बघत बसायचं, मांडीवर पुस्तक. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडायची. लिहिलेला प्रत्येक आकडा ते तीनदा तपासायचे आणि तरी सही करताना त्यांचा हात अडखळायचा. म्हणूनच केंद्रात म्हणायचे, भट्टीकाकांची सही झाली म्हणजे विषय संपला.

आणि अशा माणसाच्या हातून ते झालं होतं.

तिजोरीच्या दोन पत्र्यांच्या मधे जे भरण असतं, त्यात पाणी मुरवलेलं असतं. आग लागली की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होता होता ते आगीची धग गिळत राहतं. तासाभराने भट्टीचे बर्नर बंद करतात, पण दार उघडत नाहीत. भिंती लालभडक असतात, तिजोरीच्या आतलं तापमान चढतच राहतं. ते चढणं थांबून सुई खाली वळली की तो सर्वांत वरचा आकडा लिहायचा, आलेखाचं यंत्र बंद करायचं, भट्टी उघडायची. 'सुई वळली' हा भट्टीखान्यातला सगळ्यांत लाडका शब्द. सुई वळली की हात धुवायचे, चहा मागवायचा.

त्या तिजोरीची सुई एकशे तीनवर वळली. काकांनी रिवाजाप्रमाणे दहा मिनिटं वाट पाहिली. सुई दोन अंश खाली आली. त्यांनी यंत्र बंद केलं, भट्टी उघडली, प्रमाणपत्रावर सही केली. एकशे सत्त्याहत्तरच्या जागी एकशे तीन. कारखानदार खूश, केंद्र खूश, पट्ट्या ठोकून तिजोऱ्या बाजारात.

चार महिन्यांनी त्याच कारखान्याने त्याच भरणाची दुसरी एक तिजोरी पाठवली. प्रमाणपत्रासाठी नव्हे, नुसती अजमावायला. बर्नर बंद केल्यावर काकांच्या अंगात कणकण आली. ते घरी गेले आणि यंत्र बंद करायचं विसरले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर आलेखाचा कागद जमिनीवर लोळत होता. सुई एकशे तीनवर वळली होती, थोडी उतरली होती, सव्वा तास सपाट पडून राहिली होती. आणि मग उठून पुन्हा चढत गेली होती. एकशे चाळीस. एकशे ऐंशी. दोनशे सहा.

पहिलं वळणं खोटं होतं. ते नुसतं पाणी उकळत होतं. पाणी आहे तोवर सुई थांबते. शेवटचा थेंब गेला की तिला अडवणारं कुणी नसतं. आणि खऱ्या आगीत दहा मिनिटांनी येऊन दार उघडणारं कोण असतं? पडलेल्या भिंतींखाली तिजोरी दोन-दोन दिवस शेकत पडते.

काकांनी त्या कागदाची घडी घातली, पिशवीत टाकली आणि घरी आणली. हा एखादाच नमुना खराब असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक चाचणीला ते आलेख संध्याकाळपर्यंत चालू ठेवत. लोक म्हणत, काका आता कागद खायला लागले. काका हसण्यावारी नेत. जुन्या प्रमाणपत्राचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. कसा काढायचा तेच कळलं नाही. एक वर्ष गेलं, मग दहा गेली, मग तो विषय इतका जुना झाला की काढणंच विचित्र दिसलं असतं. आणि मग ते पत्र आलं.

एका सकाळी दरोडेखोर घरी आला. तो काकांहून बारा वर्षांनी लहान, अजून नोकरीत, खांदे दरवाज्याएवढे, आवाज त्याहून मोठा.

"काका, तुमच्या चाहत्यांची पत्रं अजून केंद्रावर येतात," त्याने पाकीट नाचवलं. "बाईचं अक्षर आहे. ताईंना सांगू का?"

"सांग की," आतून ताई म्हणाल्या. "निदान या घरात काही घडलं तरी असं होईल."

ताई काकांहून चार वर्षांनी मोठ्या. शाळेत शिवण शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. भावाने लग्न केलं नाही आणि त्यांचा संसार लवकर संपला, तेव्हापासून दोघं एकत्र राहत.

काकांनी गोल निळं अक्षर ओळखलं. दरोडेखोर चहा पिऊन, ताईंना दोन चार टोमणे मारून आणि त्याच्या दुप्पट खाऊन गेला. मग काकांनी पाकीट फोडलं.

'चौदा महिने आपल्या उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही, त्या अर्थी शंका घेण्यासारखं काही नसावं, असं विश्वस्तांनी धरलं. तसं काही असतं तर आपल्यासारख्या माणसाने कळवल्याशिवाय राहिलं नसतं, असं मीही त्यांना म्हटलं. मागच्या आठवड्यात सगळी पाकिटं तिजोरीत ठेवली. तिजोरी तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून आहे. पूर्वी मला रात्री नीट झोप लागत नसे, आता लागते. त्याबद्दल आभार मानावेत म्हणून हे पत्र.'

काका खुर्चीत बसून राहिले. इतके दिवस ते समजत होते, आपण काही केलं नाही. गप्प बसणं म्हणजे काही न करणं. आणि इथे त्यांच्या गप्प बसण्याला लोकांनी होकार म्हणून फायलीत लावलं होतं.

त्या दिवसापासून भीतीने त्यांच्या घरात बिऱ्हाड केलं. लांबून बंबाची घंटा आली की ते वाचता वाचता थांबत आणि ती कुठल्या दिशेला जाते ते ऐकत. अनाथालय दुसऱ्या गावात, ही घंटा तिथली असणं शक्यच नव्हतं, तरी. वर्तमानपत्र उघडताना आधी आतल्या पानावरच्या छोट्या बातम्या बघत. धुलाईची खोली म्हणजे पाणी तापवायचा बंब, इस्त्र्या, वाळत घातलेल्या चादरी, जुनी वायरिंग. एकेक वस्तू त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन उभी राही. ताई गॅसवर काहीतरी करपवत, तर काका धावत स्वयंपाकघरात.

"दूध लागलंय खाली," ताई म्हणत. "त्याच्यासाठी एवढं धावायला तू कधीपासून लागलास?"

पत्रावर छापलेल्या क्रमांकाला त्यांनी फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज, पोरांचा कालवा, मग एक बाई, "हॅलो, कोण?" काकांनी फोन ठेवून दिला. घर अजून उभं आहे, एवढं कळलं. तीन दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा ताई मागे येऊन उभ्या होत्या.

"कोण आहे ती?"

"कुठली?"

"जिला फोन लावून तू लाजून ठेवून देतोस ती. सत्तरी आली तुझी. बोलून टाक एकदाचं काय ते."

काकांनी शब्दकोश काढला. दोन्ही पत्रं आणि तो पिवळा पडलेला आलेख त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत सगळं सांगितलं. ताईंनी चष्मा लावून दोन्ही पत्रं वाचली. थट्टेचा मागमूस चेहऱ्यावरून गेला.

"म्हणजे ती तिजोरी चांगली की वाईट, हे तुला माहीतच नाही."

"नाही."

"मग बघ ना. तुझी भट्टी जागेवर आहे ना?"

बघण्याची सोय होती, हेच तर काकांना चौदा महिने छळत होतं. केंद्राचा दंडक असा की कारखान्याने दोन सारख्या तिजोऱ्या द्यायच्या. एक भट्टीत जायची, दुसरी मोहोरबंद करून गोदामात ठेवायची, पुढेमागे कुणी वाद घातला तर असावी म्हणून. तिला जुळी म्हणत. त्या तिजोरीची जुळी गोदामात अजून उभी होती. तिला भट्टीत घातलं की एका दिवसात निकाल. पण त्यासाठी कुणाला तरी वाद घालावा लागतो.

काकांनी तो घातला. भट्टीखाना आता त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलीकडे होता. मुलगी म्हणायचं एवढंच, तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते. तिने आलेख टेबलावर पसरला आणि सुईचा रस्ता बोटाने गिरवला.

"सर, हे तुम्ही घरी नेलंत."

"हो."

"इतकी वर्षं."

दरोडेखोर दाराला टेकून उभा होता, तो म्हणाला, "मी इथे आयुष्यभर तिजोऱ्या फोडल्या, पण काही चोरलं नाही. चोरी केली ती या भट्टीकाकांनी." कुणी हसलं नाही. तो स्वतःही नाही.

"लेखी तक्रार द्यावी लागेल," ती म्हणाली. "प्रमाणपत्र क्रमांक घालून. कुणाच्या सहीविरुद्ध तक्रार आहे, तेही लिहावं लागतं."

काकांनी तिथेच बसून, स्वतःच्या सहीविरुद्ध, स्वतःच्या सहीने तक्रार लिहून दिली.

चाचणीसाठी तिजोरीत वर्तमानपत्रांचे कागद ठेवायची पद्धत. काकांनी बंद पाकिटंही ठेवायचं ठरवलं. घरी त्यांनी चार पाकिटं घेतली, प्रत्येकात एकेक कोरा कागद घातला. ताईंनी एक काढून घेतलं.

"कोरा काय घालतोस? त्या बायका काय कोरे कागद ठेवून जातात?" त्या आतल्या खोलीत गेल्या आणि अर्ध्या तासाने पाकीट चिकटवून घेऊन आल्या.

"काय लिहिलंस?"

"बंद पाकीट आहे," ताई म्हणाल्या.

सकाळी आठला बर्नर पेटले. काका काचेच्या अलीकडे खुर्चीवर बसले होते. आता कागद आणि सुई नव्हती. पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या, एक भट्टीची, एक तिजोरीच्या आतली; भट्टीखान्यातली माणसं मात्र त्यांना अजून सुईच म्हणत. भट्टीची रेघ पाच मिनिटांत पाचशेच्या पुढे गेली. आतली रेघ खाली पडून होती, जणू तिला वर काय चाललंय याची गंधवार्ता नाही. नऊला बर्नर बंद झाले. आतली रेघ ऐंशी. नव्वद. शंभर.

सव्वादहाला एकशे तीन. आणि ती वळली.

"वळली, काका," दरोडेखोराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, एकशे दोन. एकशे एक. उगाच जीव खाल्लात स्वतःचा."

काकांना क्षणभर वाटलं, उठावं आणि जावं. हाच आकडा, हीच वेळ. इथे उठलं तर खोटं काहीच नव्हतं, जे दिसलं तेच त्यांनी तेव्हा लिहिलं होतं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी चहाच्या कपांचा आवाज करत आलं.

"बसू अजून," ते म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

रेघ सपाट झाली. अकरा वाजले. साडेअकराला चहाचे कप उचलून नेले. काका मनात एकच गोष्ट घोकत होते, अशीच पडून राहा. कधी नव्हे ते त्यांनी मांडीवर पुस्तक घेतलं नव्हतं, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. भट्टीच्या भिंतीतून अधूनमधून टिचल्यासारखा आवाज यायचा आणि प्रत्येक वेळी ते दचकायचे. त्यांना ती खोली दिसत होती, धुलाईशेजारची. दाराखालून धूर. चादरी. मुलं बाहेर अंगणात रांगेत उभी, अधीक्षिका डोकी मोजतेय, आणि सगळी आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडतोय. तिजोरी आहे ना आत, ती म्हणतेय. तिला काही होत नाही.

"सर," शिष्या म्हणाली.

एकशे चार.

रेघ उठली होती. घाई नव्हती तिला. बाराला एकशे वीस झाली. दरोडेखोर उभा होता तो स्टूल ओढून बसला. साडेबाराला एकशे एकावन्न. एकला चार मिनिटं कमी असताना ती एकशे सत्त्याहत्तरच्या आडव्या खुणेला टेकली आणि तिथे खूण आहे हे कळलंच नसल्यासारखी वर गेली. अडीचला दोनशे अकरावर ती दुसऱ्यांदा वळली. ती मात्र खरी वळली. काका संध्याकाळपर्यंत बसले होते.

गरम तिजोरी लगेच उघडायची नसते. आत वारा शिरला तर तापलेला कागद भडकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. दरोडेखोराला पहार घालावी लागली, बिजागऱ्या आवळल्या होत्या. आतून ओलसर, करपट वास आला. पाकिटं होती तिथेच होती, आकारही तोच, फक्त रंग सुकलेल्या तंबाखूचा. काकांनी वरचं उचललं. ते त्यांच्या बोटांत वाळक्या पानासारखं मोडलं. ताईंचं त्यांनी चिमट्याने, कागदाच्या तुकड्यावर सरकवून घेतलं. काळजीपूर्वक उघडलं. ताईंनी आठ-दहा ओळी लिहिल्या असाव्यात. तपकिरी कागदावर तपकिरी डाग. एक अक्षर लागत नव्हतं.

शिष्येने फोटो काढले. मग खोलीचं दार लावून घेतलं.

"सर, आता हे माझ्याकडे आलं. अहवाल करते, वरच्यांकडे जाईल, कारखान्याला नोटीस जाईल, मग ज्यांच्याकडे या तिजोऱ्या आहेत त्या सगळ्यांना केंद्राचं पत्र जाईल. दोन-तीन महिने लागतील. तोवर तुम्ही कुणाला काही लिहू नका."

"त्या अनाथालयाला तरी..."

"कुणालाच नका लिहू, सर. तुम्ही स्वतःच्या सहीने लिहिलंत की कारखान्याचा वकील तेच पत्र हातात धरेल. इतकी वर्षं माहीत होतं, असं त्यात येणार. तुमचं पेन्शन, तुमचं नाव, सगळं त्यात ओढतील. केंद्राचं पत्र जाऊ दे आधी. नियमाने होऊ दे."

ती बरोबर बोलत होती. काका आयुष्यभर नियमानेच वागले होते. त्यांनी मान हलवली, आणि मान हलवताना त्यांना कसं सुटल्यासारखं वाटलं. दोन-तीन महिने. दुसऱ्या कुणाची तरी सही.

घरी आल्यावर त्यांनी ताईंना कागदाच्या घडीतले ते तपकिरी तुकडे दाखवले.

"काय लिहिलं होतंस यात?"

ताई तुकड्यांकडे बघत राहिल्या. "यांच्याबद्दल होतं," त्या म्हणाल्या. ताई नवऱ्याबद्दल कधीच बोलत नसत. "तुला कधी सांगितलं नव्हतं असं काहीतरी. म्हटलं, जळालं तर जळालं, राहिलं तर वाचशील."

"सांग ना आता."

"आता नाही येणार सांगता. त्या दिवशी लिहिता आलं." त्यांनी तुकडे परत घडीत घातले. "मी फोन केला होता तिकडे. तू भट्टीवर होतास तेव्हा. लाजायला मी काही तू नाही."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, पाकिटं बाहेर काढा, शंका आहे. बिचारी घाबरली. पण म्हणाली, किल्ली अध्यक्षांकडे असते. ज्यांची प्रमाणपत्रावर सही आहे त्यांनी लिहून दिल्याशिवाय ते उघडून देणार नाहीत. आणि विचारलं, तुम्ही कोण? मी काय सांगू? बहीण म्हणून सांगितलं. तर म्हणाली, मग त्यांनाच लिहायला सांगा ना. ते का लिहीत नाहीत?"

"केंद्राचं पत्र जाणार आहे. दोन-तीन महिन्यांत."

ताई उठल्या. दिवा लावला आणि शिवणाचं काम घेऊन बसल्या.

काका टेबलाशी बसले. पहिला मसुदा त्यांनी 'एक हितचिंतक' अशी सही करून लिहिला. तो ताईंनी मागून वाचला.

"हे अध्यक्षांनी कचऱ्यात टाकलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही," त्या म्हणाल्या.

दुसरा मसुदा चार पानांचा झाला. त्यात भरणातलं पाणी, वाफ, रिवाज, कणकण, सगळं होतं. इतकं होतं की पाकिटांचा विषय तिसऱ्या पानावर येत होता. काकांनी तो वाचला आणि त्यांना त्यात जागोजागी स्वतःला लपवून ठेवलेला माणूस दिसला. तो फाडला. लिहिताना त्यांना सतत वकील दिसत होता, हातात हेच पत्र धरलेला. वर्तमानपत्रातलं आतलं पान दिसत होतं. शिष्येचा चेहरा दिसत होता. पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. शेवटी जे उरलं ते एका पानाचं होतं.

'महोदया, आपल्या दोन्ही पत्रांचं उत्तर मी द्यायला हवं होतं. दिलं नाही, कारण मी घाबरलो होतो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार नव्हता. ती तिजोरी कागदासाठी साठ मिनिटं पुरत नाही. आग विझल्यानंतर तीन-चार तासांनी तिच्या आतलं तापमान कागद टिकणार नाही इतकं चढतं. काल याच प्रकारची तिजोरी तापवून मी हे डोळ्यांनी पाहिलं. प्रमाणपत्र देताना चाचणी मी लवकर थांबवली. चूक माझी आहे. ती मला चार महिन्यांतच कळली होती आणि मी कुणालाही सांगितलं नाही. हे पत्र मिळताच पाकिटं बाहेर काढून पूर्वीसारखी तीन ठिकाणी ठेवावीत. नुसती तिजोरीची जागा बदलून उपयोग नाही. माझं हे म्हणणं अध्यक्षांना लेखी पुरावा म्हणून दाखवावं.' खाली सही. सहीखाली, प्रमाणपत्रावर होता तसा, हुद्दा आणि चाचणी-क्रमांक.

त्यांनी ते तीनदा वाचलं. शब्दकोश हाताशीच होता. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर घडी घातली तेव्हा त्यांचा हात नकळत तिकडे गेला, आणि तसाच परत आला.

सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच ते पायऱ्यांवर जाऊन उभे होते. पुढे दोनच माणसं. तेवढ्यातही त्यांनी मनाशी तीन कारणं शोधली: आज शनिवार आहे, परवा आलो तरी चालेल; शिष्येला एकदा विचारून बघावं; 'चूक माझी आहे' या वाक्यात थोडा फेर करता येईल. मागे एक बाई उभी राहिली, तिच्या पुढून बाजूला व्हायला त्यांना संकोच वाटला, म्हणून ते रांगेतच राहिले.

"साधं की जलद?" काचेपलीकडच्या कारकुनाने विचारलं.

"जलद. पोच लागेल."

"आजोबा, मागे पाठवणाऱ्याचं नाव नाही लिहिलंत."

खरंच नव्हतं लिहिलं. काकांनी दोरीला बांधलेलं पेन घेतलं. कितीतरी वर्षं त्यांना सगळे काकाच म्हणत होते. पूर्ण नाव लिहिताना ते एका अक्षरापाशी अडले, पुढे गेले, खाली घराचा पत्ता लिहिला. पाकीट काचेखालून आत सरकवलं. कारकुनाने ते तोललं, तिकिटं लावली, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.